युनियन दे फ्रँकोफोन: फ्लांडर्समधल्या फ्रेंचभाषकांच्या पक्षाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पक्ष कुठला आणि कोणाचा?

बेल्जियमचा उत्तर भाग म्हणजे फ्लांडर्स; तिथलं ते फ्लेमिश. तिथल्या कारभाराची भाषा डच. राजधानी ब्रुसेल्स भौगोलिकदृष्ट्या फ्लांडर्सच्या पोटात आहे, पण तिथे बोलबाला फ्रेंचचा. ब्रुसेल्सच्या वेशीबाहेर, फ्लेमिश ब्राबांत प्रांतात, हजारो फ्रेंचभाषक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांचा आवाज म्हणून १९९४ मध्ये उभी राहिली ती युनियन दे फ्रँकोफोन. पुढे तिला नुसतं युएफ म्हणू.

काटेकोर बोलायचं तर ही आघाडी. उदारमतवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी, समाजवादी अशी ब्रुसेल्समध्ये एकमेकांविरुद्ध लढणारी मंडळी इथे एका यादीवर आली. त्यांत सर्वांत आग्रही एफडीएफ, म्हणजे आजचा देफी पक्ष. तो १९६४ मध्ये भाषाविषयक कायद्यांच्या विरोधातूनच जन्माला आला होता.

१९९४ हे वर्ष योगायोगाचं नव्हतं. १ जानेवारी १९९५ पासून जुन्या ब्राबांत प्रांताचे फ्लेमिश आणि वालून, म्हणजे फ्रेंचभाषक दक्षिणेचा, असे दोन तुकडे झाले आणि त्याच वर्षी फ्लेमिश संसद पहिल्यांदा थेट मतदानाने निवडली गेली. वेशीबाहेरचे फ्रेंचभाषक नव्या प्रांतात कायमचे अल्पसंख्य ठरणार हे दिसत होतं.

फ्रेंच ही तर देशाची मोठी भाषा. मग हे लोक अल्पसंख्याक कसे?

देशाच्या पातळीवर नाहीतच. सुमारे चाळीस टक्के बेल्जियन फ्रेंच बोलतात आणि केंद्रीय मंत्रिमंडळात पंतप्रधान सोडून डच आणि फ्रेंचभाषक मंत्री समसमान असावेत असं राज्यघटनाच सांगते. पण घटनेच्या चौथ्या कलमाने देशाचे चार भाषाप्रदेश केले आहेत: डच, फ्रेंच, द्विभाषिक ब्रुसेल्स आणि पूर्वेचा छोटा जर्मन. तुम्ही कोणत्या प्रदेशात राहता यावर सरकार तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलेल हे ठरतं. तुम्ही घरी काय बोलता याला तिथे किंमत नाही.

म्हणजे ब्रुसेल्सच्या शेवटच्या गल्लीत राहणारं कुटुंब बहुसंख्य, आणि रस्ता ओलांडून पलीकडे घर घेतलं की अल्पसंख्य. फ्लेमिश सरकार तर ‘अल्पसंख्याक’ हा शब्दच मान्य करत नाही. राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी युरोप परिषदेने केलेल्या करारावर बेल्जियमने २००१ मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी अजून दिलेली नाही. कारण मंजुरी दिली की वेशीबाहेरचे फ्रेंचभाषक त्यात येतात का, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

ही सीमा आखली कोणी, आणि कशाच्या आधारावर?

सगळं भांडण इथून सुरू होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पूर्वी दर जनगणनेत भाषा विचारली जाई. एखाद्या गावात दुसऱ्या भाषेचे लोक ३० टक्क्यांवर गेले की त्यांना त्यांच्या भाषेत कारभाराची सोय मिळे आणि निम्म्यावर गेले की गावाचा भाषिक दर्जाच बदलू शके. म्हणजे सीमा हलती होती. ब्रुसेल्स वाढत होतं, शहरातली फ्रेंचभाषक कुटुंबं बाग असलेल्या घरांसाठी आसपासच्या खेड्यांत जात होती आणि दर मोजणीत आणखी काही गावं डच बाजूकडून निसटत होती. १९४७ च्या मोजणीचे आकडे इतके स्फोटक ठरले की ते १९५४ मध्ये जाहीर झाले. त्यांच्या जोरावर एव्हर, गान्सहोरेन आणि बेर्शेम-सँत-आगात ही तीन गावं द्विभाषिक ब्रुसेल्सला जोडली गेली. आणखी चार गावांना सोयी मिळाल्या.

पुढची मोजणी जवळ येऊ लागली तसा फ्लांडर्समध्ये भडका उडाला. भाषेचा प्रश्न असलेले अर्ज वाटायला अनेक फ्लेमिश नगराध्यक्षांनी साफ नकार दिला. अखेर १९६१ मध्ये कायदा करून जनगणनेतून भाषेचा प्रश्नच काढून टाकण्यात आला, आणि १९६२-६३ च्या कायद्यांनी सीमा आहे तिथे कायमची गोठवली. ब्रुसेल्स १९ नगरपालिकांवर थांबलं. वेशीला लागून असलेल्या सहा नगरपालिका फ्लांडर्समध्येच राहिल्या, पण तिथल्या फ्रेंचभाषकांना खास सवलती देण्यात आल्या. ती सहा गावं अशी: ड्रोखेनबोस, क्रायनेम, लिंकेबेक, वेमेल, वेझेम्बेक-ओपेम आणि रोड-सँ-जेनेस.

या सहांची मिळून लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. एवढ्याशा टापूने देशाची सरकारं पाडली आहेत.

सवलती म्हणजे नक्की काय मिळतं?

सार्वजनिक फलक आणि सूचना दोन्ही भाषांत. नगरपालिकेच्या खिडकीवर फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा. दाखले, अर्ज, ओळखपत्र फ्रेंचमध्ये. पुरेशा कुटुंबांनी मागणी केली तर फ्रेंच बालवाडी आणि प्राथमिक शाळा. कायद्यातला मूळ आकडा १६ कुटुंबप्रमुखांचा. माध्यमिक शाळा मात्र नाही. बारा वर्षांचं झालं की पोर बस पकडून ब्रुसेल्सला किंवा दक्षिणेच्या वालोनियाला जातं.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. वाद पेटला तो एका साध्या प्रश्नावरून: फ्रेंचमध्ये पत्र हवं असं किती वेळा सांगायचं? फ्रेंचभाषकांचं म्हणणं, एकदा सांगितलं की नगरपालिकेने नोंद ठेवावी आणि पुढे तसंच पाठवावं. बरीच वर्षं तसं चालतही होतं. १६ डिसेंबर १९९७ रोजी फ्लेमिश मंत्री लिओ पेटर्स यांनी परिपत्रक काढलं. पहिलं पत्र डचमध्येच जाणार. फ्रेंच प्रत हवी असेल तर दर पत्रामागे, दर वेळी, वेगळी मागणी करायची.

रोड-सँ-जेनेसमधल्या एखाद्या आजीबाईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. घरपट्टीसारखा एखादा कागद डचमध्ये येतो. त्या फ्रेंच प्रत मागवतात. प्रत येईपर्यंत भरण्याची मुदत टळून गेलेली. पुढच्या वर्षी पुन्हा डच कागद, पुन्हा मागणी. साठ वर्षं त्याच घरात राहिल्या तरी सरकारच्या दृष्टीने त्या दर वर्षी नव्याने फ्रेंचभाषक होतात. २००४ मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाच्या, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटच्या, डच पीठाने परिपत्रक उचलून धरलं. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन्ही भाषांच्या एकत्रित पीठाने मधला रस्ता काढला: एकदा लेखी मागणी केली की ती चार वर्षं ग्राह्य. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. सतरा वर्षं भांडण्याऐवजी हे १९९७ मध्येच सुचायला हरकत नव्हती.

निवडून आलेल्यांना नगराध्यक्षपद नाकारलं गेलं, हे खरं आहे का?

खरं आहे. फ्लांडर्समध्ये तेव्हा नगरपालिका नगराध्यक्षाचं नाव सुचवत असे आणि प्रादेशिक सरकार त्याची नेमणूक करत असे. एरवी हा उपचार असे. २००६ च्या निवडणुकीनंतर लिंकेबेक, क्रायनेम आणि वेझेम्बेक-ओपेम इथे फ्रेंचभाषक याद्या मोठ्या बहुमताने आल्या, पण सुचवलेल्या तीन नावांना फ्लेमिश मंत्री मारिनो केउलेन यांनी अडवून धरलं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये अंतिम नकार दिला. आरोप दोन. या तिघांनी फ्रेंचभाषक मतदारांना मतदानाची बोलावणी थेट फ्रेंचमध्ये पाठवली, म्हणजे पेटर्स परिपत्रक मोडलं. आणि पालिकेच्या सभेत फ्रेंच बोलू दिली.

पैशांची अफरातफर नाही, गैरकारभार नाही. पाकिटातल्या कागदाची भाषा, एवढाच गुन्हा. डिसेंबर २००८ मध्ये युरोप परिषदेच्या स्थानिक स्वराज्य मंचाने तिघांची नेमणूक करा अशी शिफारस केली. फ्लांडर्सने ऐकलं नाही. तिघे ‘हंगामी नगराध्यक्ष’ म्हणून काम पाहत राहिले.

लिंकेबेकमध्ये तर हे पुढेही चाललं. पाच हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. दाम्यँ तिएरी यांना २०१२ च्या निवडणुकीनंतर पुन्हा नकार मिळाला आणि अखेर नोव्हेंबर २०१५ मध्ये गावात खास निवडणूक घ्यावी लागली. मतदारांनी पुन्हा तिएरींच्याच यादीला जिंकवलं. दुसऱ्याच सदस्याला नगराध्यक्ष करून कोंडी फुटली.

स्थानिक निवडणुकीत हे लोक सहसा युएफच्या नावाने लढत नाहीत, गावागावाच्या वेगळ्या याद्या असतात. कार्यकर्ते मात्र बव्हंशी तेच.

फ्लेमिश संसदेत यांचा एकच आमदार होता. एकट्याने काय साधतं?

१९९५ पासून २०१९ पर्यंत १२४ जणांच्या सभागृहात क्रिस्तियान व्हान आयकेन हे युएफचे एकमेव आमदार होते. सभागृहात बोलायचं ते डचमध्येच. फ्रेंचभाषकांचं गाऱ्हाणं डचमध्ये मांडायचं आणि १२३ विरुद्ध एक अशा मतदानात हरायचं, असं ते काम.

तरीही त्या जागेला अर्थ होता. १९९५ च्या आधी तीही नव्हती. तेव्हा फ्लेमिश कौन्सिलमध्ये, म्हणजे या संसदेच्या पूर्वरूपात, केंद्रीय संसदेचेच डच गटातले सदस्य बसत, आणि कोणत्या भाषेत पहिली शपथ घेतली यावर गट ठरे. ब्रुसेल्सभोवतालच्या हाले-विल्वोर्डे भागातून निवडून आलेल्या ल्युसिएन मात्यू-मोहँ आणि जॉर्ज क्लेरफे यांनी शपथ फ्रेंचमध्ये घेतली. परिणामी त्यांच्या मतदारांच्या शाळा, रस्ते, घरं यांचा निर्णय जिथे होतो तिथे त्यांना जागाच नव्हती. ते युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. २ मार्च १९८७ च्या निकालात न्यायालयाने बेल्जियमच्या बाजूने कौल दिला: डचमध्ये शपथ घेण्याची वाट उघडी होती, सबब हक्कभंग नाही. कायद्याच्या चौकटीत निकाल बसतो. पण फ्रेंचभाषक म्हणून निवडून आलेल्याने आत जाण्यासाठी आधी डच गटात मोजलं जायचं, यातला सल त्या निकालाने गेला नाही.

मुलांच्या शाळांबद्दलही असाच खटला झाला होता ना?

झाला होता, आणि तो त्याहून जुना. मानवाधिकार न्यायालयाच्या सुरुवातीच्या गाजलेल्या निकालांत २३ जुलै १९६८ चा बेल्जियन भाषा खटला मोडतो. फ्लांडर्समध्ये फ्रेंच शाळा काढून द्या ही पालकांची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. सरकारने विशिष्ट भाषेत शाळा चालवाव्यात असा हक्क करारात नाही. फक्त एका मुद्द्यावर पालक जिंकले. सहा गावांत फ्रेंच शाळा होत्या, पण आईवडील दुसऱ्या गावात राहतात एवढ्याच कारणाने मुलांना तिथे दार बंद होतं. हा भेदभाव ठरला.

फ्लेमिश लोकांची बाजू काय? ते इतके कडक का?

ही बाजू समजून घेतल्याशिवाय युएफबद्दल बोलणं अन्यायाचं ठरेल.

१८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला तेव्हा बहुसंख्य लोक डचच्या बोली बोलत होते, पण राज्य चाललं फ्रेंचमध्ये. कोर्ट फ्रेंच, लष्करातले हुकूम फ्रेंच, विद्यापीठ फ्रेंच. डचमधल्या कायद्याला फ्रेंचच्या बरोबरीचा दर्जा मिळायला १८९८ उजाडलं. फ्लांडर्समधल्या गेंट विद्यापीठात शिक्षण पूर्णपणे डचमध्ये यायला १९३०. डच बोलणं म्हणजे अडाणीपणा, हे शेतकऱ्याच्या मुलाला शाळेतच शिकवलं जाई. आणि ब्रुसेल्स? हे मुळात डच बोलणारं शहर दीड शतकात डोळ्यांदेखत फ्रेंच झालं.

त्यामुळे वेशीबाहेरच्या खेड्यात आलेला प्रत्येक फ्रेंचभाषक बंगला त्यांना पसरत्या तेलाच्या डागासारखा दिसतो. सवलती या नव्या रहिवाशांना डच शिकेपर्यंत दिलेला अवधी होता, असं ते म्हणतात. फ्रेंचभाषक म्हणतात, सवलती कायमच्या आहेत. १९८८ च्या घटनादुरुस्तीनंतर त्यांना हात लावायला दोन्ही भाषागटांचं खास बहुमत लागतं, हे त्यांच्या बाजूचं मोठं बळ.

रोड-सँ-जेनेस हे गाव या भीतीत मध्यभागी आहे. दक्षिणेला त्याची हद्द वालोनियाला भिडते. ते ब्रुसेल्सला जोडलं तर राजधानी आणि फ्रेंचभाषक दक्षिण यांच्यामध्ये जमिनीचा सलग पट्टा तयार होतो. युएफची मागणी नेमकी हीच होती, ब्रुसेल्सची हद्द वाढवा. फ्लेमिश पक्षांनी त्यावर चर्चासुद्धा होऊ दिली नाही. १९८१ पासून २०१२ पर्यंत दर वर्षी हजारो फ्लेमिश सायकलस्वार ‘खोर्डेल’ नावाच्या फेरीत ब्रुसेल्सभोवती रिंगण घालत. सहल होती, घरची मंडळी पोराबाळांसह यायची, आणि संदेशही होता: हे शहर इथेच थांबतं.

मला सांगायला हवं की इतिहासाची थकबाकी फ्लेमिश बाजूचीच मोठी आहे. पण ती लिंकेबेकच्या आजच्या रहिवाशाकडून वसूल करणं मला पटत नाही.

बीएचव्ही प्रकरण काय होतं?

ब्रुसेल्स-हाले-विल्वोर्डे हा एकत्र मतदारसंघ. त्यामुळे फ्लांडर्समधल्या ३५ नगरपालिकांतले फ्रेंचभाषक केंद्रीय निवडणुकीत ब्रुसेल्सच्या फ्रेंच उमेदवारांना मत देऊ शकत. २००३ मध्ये घटना न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं, २०१० मध्ये याच प्रश्नावर सरकार पडलं आणि नंतर ५४१ दिवस देशाला पूर्ण अधिकारांचं सरकार नव्हतं. २०१२ मध्ये मतदारसंघ फोडला. सहा गावांना तेवढी वाट ठेवली: केंद्रीय आणि युरोपीय निवडणुकीत तिथला मतदार ब्रुसेल्सच्या याद्या की फ्लेमिश ब्राबांतच्या, हे आधी निवडतो आणि मग मत देतो. उरलेल्या २९ नगरपालिकांतल्या फ्रेंचभाषकांच्या हाती काही राहिलं नाही. या तडजोडीवरून एफडीएफने उदारमतवाद्यांची साथ २०११ मध्येच सोडली होती.

फ्लांडर्समध्ये नक्की किती फ्रेंचभाषक आहेत?

अधिकृत आकडा नाही. १९४७ नंतर सरकारने विचारलेलंच नाही, आणि विचारू नये यावर दोन्ही बाजूंची सोय झाली आहे. अंदाज छापले जातात, पण प्रत्येक अंदाजामागे छापणाऱ्याची बाजू असते.

युएफचं खरं महत्त्व मला इथे दिसतं. ज्या देशात भाषेची मोजदाद बंद आहे तिथे या यादीला पडलेली मतं ही एकमेव जाहीर मोजणी होती. कोणाचीही परवानगी न घेता, गुप्त मतपत्रिकेवर, हजारो माणसं ‘आम्ही आहोत’ असं नोंदवत होती. म्हणूनच जागा एक असूनही निकालाच्या रात्री तिच्याकडे दोन्ही भाषांच्या वर्तमानपत्रांचं लक्ष असे.

मग २०१९ मध्ये जागा का गेली?

अनेक धागे एकत्र आले. २००४ पासून संपूर्ण प्रांत हा एकच मतदारसंघ झाला आणि मतदारसंघात किमान ५ टक्के मतांची अट आली. हाले-विल्वोर्डेपुरतं पुरणारं बळ ल्यूव्हनपर्यंत पसरलेल्या प्रांतात पातळ झालं. २००९ मध्ये फ्लांडर्सच्या एकूण मतांत युएफचा वाटा एक टक्क्याहून थोडा जास्त होता. २०१९ मध्ये तो त्याच्या बराच खाली आला आणि सभागृहात एकही जागा उरली नाही.

माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. जुने फ्रेंचभाषक म्हातारे झाले. त्यांच्या नातवंडांना डच येतं, अनेकांना आईवडिलांनी मुद्दाम डच शाळेत घातलं. आणि वेशीबाहेर आता जगभरातली कुटुंबं राहतात. ती घरी कदाचित फ्रेंच बोलतात, पण १९६३ चा राग त्यांना वारशाने मिळालेला नाही. शिवाय चोवीस वर्षं एकाच चेहऱ्यावर चालवलेली आघाडी नवी फळी उभी करू शकली नाही. त्याबद्दल नेतृत्वाला दोष द्यावाच लागेल.

असा आणखी एखादा पक्ष बेल्जियममध्ये होता का?

‘लिएजला परत’ हे नावच घेऊन लढणारा, देशाच्या पूर्व टोकाला. व्हूरेन, फ्रेंचमध्ये फूराँ, ही सहा खेडी १९६३ मध्ये फ्रेंचभाषक लिएज प्रांतातून काढून बेल्जियमच्याच डचभाषक लिम्बर्ग प्रांताला जोडली. १९८३ मध्ये नगराध्यक्ष झालेले जोझे आपार यांनी डचची परीक्षा द्यायला नकार दिला. १९८७ मध्ये त्यावरून केंद्र सरकार कोसळलं. पुढे २००० मध्ये युरोपीय संघाच्या नागरिकांना स्थानिक मतदानाचा हक्क मिळाला, गावात राहणाऱ्या नेदरलँड्सच्या लोकांनी मतं दिली आणि पारडं फिरलं.

बेळगावच्या महाराष्ट्र एकीकरण समितीशी तुलना करता येईल का?

मराठी वाचकाच्या मनात हे येणारच. साम्य बरंच आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूरला जोडलेला मराठी टापू, एका मागणीवर उभा पक्ष, फलक आणि सरकारी कागदांच्या भाषेवरून रोजचे खटके, आणि उतरती कळा. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही.

फरक मात्र ध्यानात ठेवावेत. आपल्याकडे जनगणना मातृभाषा विचारते आणि १५ टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्य असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असं धोरण आहे. अंमलबजावणी किती होते हे सीमाभागातल्या माणसाला विचारा, पण आकडा हातात असतो. दुसरं, लिंकेबेकच्या फ्रेंचभाषकामागे केंद्रातली निम्मी मंत्रिपदं असलेला भाषागट उभा असतो. बेळगावच्या मराठी माणसामागे महाराष्ट्र सरकारने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आहे.

नोकरीसाठी ब्रुसेल्सला जाणाऱ्या मराठी कुटुंबाला याचा काही संबंध येतो का?

घर शोधताना येतो. विमानतळाच्या बाजूला क्रायनेम आणि वेझेम्बेक-ओपेम ही गावं परदेशी कुटुंबांत लोकप्रिय आहेत, मेट्रोही क्रायनेमच्या वेशीपर्यंत येते. इथे घर घेतलंत तर नगरपालिकेची पत्रं डचमध्ये येतील. फ्रेंच येत असेल तर लेखी मागणी करून ठेवा आणि तारीख लक्षात ठेवा. शेजारच्या झाव्हेंटेममध्ये गेलात तर ही सोय अजिबात नाही, कारण ते सहा गावांत मोडत नाही. मुलांना कोणत्या भाषेच्या शाळेत घालायचं हे घराच्या करारावर सही करण्याआधी ठरवा. सहा गावांत फ्रेंच शाळा प्राथमिकपर्यंतच आहे. आणि पाच वर्षं सलग राहिलात की युरोपाबाहेरचे नागरिक असूनही नाव नोंदवून नगरपालिकेसाठी मत देता येतं.